पेनवाला मोठा फोन घेताय? या चुका टाळा

पेनवाला मोठा फोन घ्यायचा म्हटलं की लोक आठवडाभर कॅमेऱ्याचे व्हिडिओ बघतात, प्रोसेसर कुठला, चार्जिंग किती वॉटचं, झूम किती, सगळं पाठ करतात आणि दुकानात गेल्यावर ज्या पेनसाठी एवढे पैसे मोजायचे ते पेन स्लॉटमधून बाहेरसुद्धा काढत नाहीत. कॅमेरा चांगला असलेले फोन बाजारात ढिगाने आहेत हो. पेन आत ठेवायची सोय असलेले फोन मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, त्यामुळे तुम्हाला खरंच लिहायचं असेल तर फोनची परीक्षा पेनानेच घ्यायला हवी आणि ती कशी घ्यायची ते कळावं म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय. बहुतेक उदाहरणं सॅमसंगची आहेत, कारण २०११ मध्ये पहिला गॅलक्सी नोट आला तेव्हापासून या प्रकारात सगळ्यात जास्त काम त्यांनीच केलंय.

सगळी पेनं सारखीच समजणं

इथे सगळ्यात जास्त लोक फसतात. स्टेशनबाहेर शंभर रुपयाला रबरी टोकाची कांडी मिळते ती आणि सॅमसंगच्या गॅलक्सी नोट किंवा एस मालिकेतल्या अल्ट्रा फोनांचं एस पेन यांचं तंत्रच वेगळं आहे. रबरी कांडी म्हणजे फोनच्या दृष्टीने एक बोटच, दाब कळत नाही, तळहात टेकला की तोही बोट म्हणून मोजला जातो. एस पेनला वॅकॉम या कंपनीचं ईएमआर तंत्र आहे, म्हणजे स्क्रीनच्या खाली एक वेगळा थर असतो, तो चुंबकीय क्षेत्र तयार करतो आणि पेनातली बारीक कॉइल त्याच्यावरच चालते. म्हणून लिहायला पेनात बॅटरी लागत नाही, दाबाच्या ४०९६ पातळ्या कळतात, आणि टोक स्क्रीनला न टेकता जरासं वर धरलं तरी फोनला पेन कुठे आहे ते समजतं. मधला पर्याय मोटोरोलाचा, त्यांचा एज ६० स्टायलस एप्रिल २०२५ मध्ये २२,९९९ रुपयांना भारतात आला, पेन फोनच्या आतच राहतं, पटकन टिपण करायला, सही करायला, स्क्रीनशॉटवर गोल मारायला छान आहे. पण चित्र काढायचं असेल किंवा वहीसारखं पानंच्या पानं लिहायचं असेल तर त्याच्याकडून एस पेनसारखी अपेक्षा ठेवू नका, दाबानुसार रेघ जाड-बारीक होणार नाही. किमतीतला फरक कशाचा आहे हे एकदा कळलं की निवड सोपी जाते, कारण ज्याला नुसती सही करायचीय त्याने लाखभर रुपये घालवायची काही गरज नाही.

आयफोनवाल्यांसाठी एवढंच की ॲपल पेन्सिल आयपॅडवर चालते, आयफोनवर चालत नाही. प्रो मॅक्स कितीही मोठा असला तरी नाहीच.

इंचांवर जाणं

पहिल्या नोटचा स्क्रीन ५.३ इंच होता आणि २०२५ च्या एस२५ अल्ट्राचा ६.९ इंच, ऐकून वाटतं केवढा फरक पडला असेल. पण इंच मोजतात ते कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरके. पहिल्या नोटचा स्क्रीन १६:१० होता म्हणजे रुंद, आताचे १९.५:९ म्हणजे उंच. गणित करून बघा, पहिल्या नोटच्या स्क्रीनची रुंदी येते साधारण ७१ मिलिमीटर आणि एस२५ अल्ट्राची ७३ च्या आसपास. एवढ्या वर्षांत उंची वाढली साडेचार सेंटिमीटर आणि रुंदी दोन मिलिमीटर! आपण लिहितो डावीकडून उजवीकडे, त्यामुळे ओळीत किती शब्द बसतील ते रुंदीवर ठरतं, तीन-चार शब्दांत ओळ संपते आणि तळहात सारखा फोनच्या कडेवरून खाली घसरतो. म्हणून दुकानात फोन आडवा करूनही लिहून बघा, बऱ्याच जणांना आडवा जास्त जमतो.

वजनही हातात घेऊनच ठरवायचं. एस२४ अल्ट्रा २३२ ग्रॅमचा, एस२५ अल्ट्रा २१८ ग्रॅमचा, वर कव्हर. साइटवर उभ्याने एका हातात फोन धरून दुसऱ्या हाताने लिहिणाऱ्याला हा फरक संध्याकाळी मनगटात जाणवतो. आणि टेबलावर ठेवून लिहिणार असाल तर अजून एक गोष्ट जी कुणी सांगत नाही: कॅमेऱ्याची भिंगं एका कोपऱ्यात वर आलेली असतात, त्यामुळे फोन सपाट टेबलावर ठेवून विरुद्ध कोपऱ्यात लिहायला गेलं की तो डुगडुगतो आणि अक्षर हलतं. यावर उपाय सोपा, कॅमेऱ्याच्या उंचीइतकं जाड कव्हर घ्या म्हणजे पाठ सपाट होते. कव्हर निवडताना रंग नंतर, आधी हे.

डेमो पीसवर नुसती रेघ मारून बघणं

दुकानात जो तो पेन काढतो, एक वेलांटी काढतो, स्वतःचं नाव इंग्रजीत लिहितो आणि वा म्हणतो. त्यातून काही कळत नाही. काउंटरवरच्या माणसाला सरळ सांगा, "दादा, पाच मिनिटं लिहून बघतो," कुणी नाही म्हणत नाही. मग नोट्सचं ॲप उघडा आणि तुमच्या रोजच्या अक्षरात, रोजच्या वेगात मराठी लिहा. तळहात बिनधास्त टेकवा, मध्ये नको ते ठिपके उमटतात का बघा. एक तिरकी रेघ मुद्दाम अगदी हळू काढा, ती सरळ येते का नागमोडी ते बघा, या प्रकारच्या पेनांची खरी परीक्षा हळू तिरक्या रेघेतच होते. मग चारही कडांपर्यंत लिहीत जा. एस२२ आणि एस२३ अल्ट्राच्या बाजूच्या कडा वळलेल्या आहेत, तिथे पेन घसरतं, एस२४ अल्ट्रापासून स्क्रीन सपाट केला आणि लिहिणाऱ्यांची मोठी सोय झाली. जुना मॉडेल स्वस्तात मिळतोय म्हणून घेणाऱ्यांनी ही कड नक्की तपासावी.

लॅगचे, म्हणजे पेन फिरल्यावर शाई उमटायला किती उशीर लागतो त्याचे आकडेही जाहिरातीत येतात, नोट २० अल्ट्राला ९ मिलिसेकंद, एस२२ अल्ट्राला २.८ मिलिसेकंद असं सॅमसंगने सांगितलं होतं. साध्या नोट २० ला मात्र २६ होते, म्हणजे एकाच वर्षी, एकाच नावाचे दोन फोन आणि लिहिताना अनुभव वेगळा, म्हणून नावावर जाऊ नका. झरझर लिहिताना शाई टोकाच्या मागे रेंगाळते का, एवढंच डोळ्याने बघायचं.

आणि देवनागरी! हस्ताक्षराचं टाइप केलेल्या मजकुरात रूपांतर होतं म्हणून खूप जण हा फोन घेतात, शिक्षक, वकील, पत्रकार, सगळे. रिव्ह्यूमध्ये ते इंग्रजीत करून दाखवतात आणि ते झकास होतंच. तुम्ही मात्र सेटिंगमध्ये हस्ताक्षराच्या भाषांची यादी उघडा, त्यात मराठी दिसते का बघा, भाषा डाउनलोड करायला लावा आणि मग अवघड शब्द लिहा: त्र्यंबक, ज्ञानेश्वर, कोल्ह्याची, तऱ्हा, दळणवळण. शिरोरेघ देऊन एकदा लिहा, न देता एकदा लिहा, कारण घाईत आपण कुणीच शिरोरेघ देत नाही. यात त्र्य, ऱ्ह आणि ळ नीट आले तर बाकीचं येईल. नोट्सच्या ॲपमध्ये जमलं नाही तर गूगलच्या जीबोर्ड कीबोर्डमध्ये मराठी हस्ताक्षराची सोय लावून तेच शब्द पुन्हा लिहून बघा, कधीकधी तिथे जास्त बरं काम होतं.

नाव तेच म्हणजे सोयी त्याच, असं धरून चालणं

एस पेन दरवर्षी सुधारतच जातं असं लोक समजतात. तसं नाहीये. नोट ९ मध्ये २०१८ साली पेनात ब्लूटूथ आलं, बटण दाबून लांबून फोटो काढता यायला लागला, ४० सेकंदांत चार्ज होऊन अर्धा तास किंवा २०० क्लिक चालायचं. नोट १० मध्ये हवेत पेन फिरवून करायचे इशारे आले. आणि २०२५ च्या एस२५ अल्ट्रामध्ये ब्लूटूथच काढून टाकलं, म्हणजे रिमोटने फोटोही नाही आणि इशारेही नाहीत. मला हा निर्णय अजिबात पटलेला नाही, वर्गात फोन टीव्हीला जोडून शिकवणारे कितीतरी शिक्षक त्या बटणावर स्लाइड पुढे सरकवायचे. ज्यांना ते हवं त्यांनी एस२४ अल्ट्रा बघावा, त्यालाही सात वर्षं अपडेट द्यायचं कंपनीने कबूल केलंय.

एस२१ अल्ट्रावर पेन चालतं पण फोनमध्ये ठेवायला जागाच नाही, पेन वेगळं विकत घ्यावं लागतं. ऑनलाइन "एस पेन सपोर्ट" एवढंच वाचून ऑर्डर करू नका. सॅमसंगच्या घडी होणाऱ्या फोल्ड फोनांची गोष्ट अजून वेगळी, फोल्ड ३ ते फोल्ड ६ यांना फोल्डला चालणारंच पेन लागतं, साधं एस पेन त्या मऊ आतल्या स्क्रीनवर वापरायचंच नाही, खराब होईल. फोल्ड ७ मध्ये तर पेनाचा सपोर्टच काढला.

पेन बिघडलं म्हणून लगेच सर्व्हिस सेंटर गाठणं

पेन मध्येच लिहायचं थांबतं, एखाद्या पट्ट्यातच चालत नाही किंवा रेघ भलतीकडे उमटते, अशा तक्रारींत सगळ्यात आधी कव्हर काढा. वर सांगितलंच की सगळा खेळ चुंबकीय क्षेत्राचा आहे, त्यामुळे पाकिटासारखी चुंबकाची कव्हरं, मागे चिकटवायच्या रिंगा, गाडीतल्या होल्डरची लोखंडी चकती, हे सगळं पेनाच्या कामात ढवळाढवळ करतं. कव्हर काढून नीट चाललं तर बिघाड फोनमध्ये नाहीच.

पेन स्क्रीनला टेकवायच्या आतच लिहायला लागतं, ही दुसरी तक्रार. बहुतेक वेळा टोकात धूळ किंवा घाम जाऊन ते आत दाबलेलंच अडकतं, पेनाला वाटतं आपण टेकलोय. चिमट्याने टोक हळूच बाहेर ओढून कोरड्या कपड्याने पुसा. टोक झिजून एका बाजूला चपटं झालं असेल तर बदला, जुन्या नोटच्या बॉक्समध्ये जादा टोकं आणि चिमटा द्यायचे, आता विकत घ्यावी लागतात. झिजलेल्या टोकाने लिहीत राहिलात तर स्क्रीन गार्डवर चरे पडतात.

ब्लूटूथवाल्या पेनात फोटोचं बटण चालत नाही पण लिहिता येतं, असं असेल तर पेन चार्ज झालेलं नाही किंवा जोडणी तुटलीय. पेन आत घाला, थोडा वेळ ठेवा, तरी नाही झालं तर एस पेनच्या सेटिंगमध्ये जाऊन रीसेट करा. याच्या उलट, लिहिताच येत नसेल तर चार्जिंगचा त्याच्याशी काही संबंध नाही, उगाच पेन आत घालून वाट बघत बसू नका.

स्क्रीन गार्डबद्दल माझं स्पष्ट मत, लिहिण्यासाठी फोन घेतलाय तर जाडजूड टेम्पर्ड ग्लास लावू नका. फक्त कडांना चिकटणारी काच असेल तर मध्ये हवा राहते, या फोनचा अल्ट्रासोनिक फिंगरप्रिंट मग दहादा नाही म्हणतो. प्लास्टिकच्या मऊ फिल्मवर पेनाचे चरे उमटतात. मॅट फिल्मवर कागदासारखं वाटतं, पण टोक लवकर झिजतं. काहीही लावलंत तरी बोटाचा ठसा पुन्हा नोंदवा आणि डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये टच सेन्सिटिव्हिटी चालू करा, निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

पेन स्लॉटमध्ये कधीही जोर लावून घालू नका. २०१५ च्या नोट ५ मध्ये पेन उलटं घातलं की आत अडकायचं आणि काढताना पेन आत आहे की नाही ते ओळखणारा भागच तुटायचा. पुढच्या फोनांत रचना बदलली, उलटं जात नाही. पण दुसऱ्या मॉडेलचं पेन कोंबणारे लोक आजही आहेत. लिहायला ते चालेलही, स्लॉटच्या मापाचं असेलच असं नाही. पावसात भिजलेलं पेनही तसंच आत सारू नका, आधी पुसा, स्लॉट खाली करून फोन जरा झटका.

सेकंडहँड घेताना पेन न तपासणं

जुने नोट आणि अल्ट्रा निम्म्याहून कमी किमतीत मिळतात, ओएलएक्सवर बघा, मुंबईत लॅमिंग्टन रोडला बघा. चांगला सौदा होऊ शकतो, पण या फोनांचा स्क्रीन फुटून बदललेला असेल आणि हलका डुप्लिकेट बसवला असेल तर त्यात पेनासाठीचा तो खालचा थरच नसतो. टच चालतो, रंग ठीक दिसतात आणि पेन मात्र मेलेलं. विकणारा सांगेल, पेन चार्ज नाहीये. चार्जिंगचं वर लिहिलंय, ते आठवा आणि फोन परत द्या.

तपासायची पद्धत अशी: कॉलच्या डायलरवर स्टार, हॅश, शून्य, स्टार, हॅश दाबा, टेस्टचा मेनू उघडतो, त्यात एस पेनची वेगळी टेस्ट आहे, पेन फिरवून सगळे चौकोन रंगवायचे. एखादा चौकोन कितीही घासला तरी रंगत नसेल तर तिथे थर गेलेला आहे. मेनू उघडलाच नाही तर सॅमसंग मेंबर्स ॲपमधल्या फोन तपासणीत बघा, तेही नसेल तर सरळ नोट्स उघडून वरपासून खालपर्यंत जवळ जवळ आडव्या रेघा मारा, कुठे तुटते ते दिसेल. पेन आत घाला, बाहेर काढा, दोन्ही वेळा फोनला कळतंय का बघा. स्क्रीन बंद असताना पेन काढून काळ्या पडद्यावर लिहिता येतं ती सोयही करून बघा, कारण फोन नंबर, गाडीचा नंबर, किराण्याची यादी, दिवसभरात पेन सगळ्यात जास्त तिथेच वापरलं जातं. आणि सोबत मिळालेलं पेन कंपनीचं आहे का ते बटणावरून ओळखा: ब्लूटूथवाल्या मॉडेलमध्ये लिहिता येतंय पण बटणाने फोटो निघत नाही आणि रीसेट करूनही जोडलं जात नाही, तर ते बहुधा बाजारातलं स्वस्त पेन आहे, मूळ पेनाची किंमत विचारून तेवढे पैसे कमी करायला सांगा.