गेटपासून दारापर्यंत: मुंबईत घरासमोरची छोटी जागा छान कशी करायची

मुंबईत घरासमोर जागा असणं हीच मोठी गोष्ट आहे, मग ती चारकोप-गोराईच्या बैठ्या घरापुढची आठ-नऊ फुटांची पट्टी असो, मुलुंड-चेंबूरच्या जुन्या बंगल्याचं अंगण असो, गावठाणातल्या घराचा ओटा असो नाहीतर तळमजल्याच्या फ्लॅटपुढचा तुकडा. आणि एवढी नशिबाने मिळालेली जागा बहुतेक ठिकाणी दिसते कशी, तर एक स्कूटर, दोन बादल्या, मोडकी खुर्ची, वाळलेली तुळस आणि हाताला लागतील तशा ठेवलेल्या दहा मापांच्या कुंड्या. आत कितीही खर्च करून फर्निचर केलेलं असू दे, येणाऱ्याला आधी हे दिसतं. मला मनापासून वाईट वाटतं ते बघून, कारण हे सुधारायला फार पैसा लागत नाही, फक्त क्रम नीट लागतो.

सगळे आधी नर्सरीत जातात, दिसेल ते रोप उचलतात आणि मग घरी येऊन विचार करतात की आता हे ठेवायचं कुठे. मुंबईत क्रम असा ठेवा: आधी पाणी, मग वाट, मग झाडं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर पाऊस घराची परीक्षा घेतो, सांताक्रूझला एकट्या जुलैची सरासरी ८०० मिलिमीटरच्या वर आहे, त्यामुळे पावसात जे अंगण तुंबतं ते कितीही सजवा, ऑगस्टपर्यंत चिखल आणि शेवाळच दिसणार. २६ जुलै २००५ ला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला तसला पाऊस कुठलंच अंगण पेलणार नाही, पण दरवर्षीचा नेहमीचा पाऊस तरी पेलता आला पाहिजे ना.

पाणी कुठे जातं ते बघायला इंजिनियर नको. दाराजवळ तीन-चार बादल्या पाणी ओता आणि उभं राहून बघा. पाणी भिंतीकडे येत असेल किंवा मध्येच डबकं होऊन थांबत असेल तर पहिलं काम तेच. ढाळ भिंतीपासून बाहेर हवा, साधारण आठ फुटांना एक इंच तरी. कंपाउंडच्या भिंतीवर खाली हिरवट-काळी रेघ दिसत असेल तर गेल्या पावसात पाणी तिथपर्यंत साचलं होतं किंवा उडत होतं असं समजा. आणि एक गोष्ट प्लीज लक्षात ठेवा, वाफ्यातली माती घराच्या भिंतीला टेकवून चढवू नका, जोत्याच्या वरच्या कडेपासून किमान सहा इंच खाली ठेवा, नाहीतर ती ओल भिंतीतून आत येते आणि हॉलमधल्या रंगाचे पोपडे निघायला लागतात आणि आपण वॉटरप्रूफिंगवाल्याला शोधत बसतो.

पत्र्याच्या किंवा छज्जाच्या कडेवरून जिथे धार पडते तिथे फूटभर रुंद, फूटभर खोल चर खणून त्यात खडी भरा, वर गोल गोटे टाका. माती उडून भिंत घाण होत नाही, पाणी जिरतं, आणि दिसायलाही एकदम रेखीव दिसतं. या एका पट्टीने घराचं तोंड जेवढं स्वच्छ दिसतं तेवढं दहा कुंड्यांनी दिसत नाही.

खणायच्या आधी मात्र ड्रेनेजची चेंबरं, पाण्याची लाइन, गॅसची पाइप आणि अर्थिंगचा खड्डा कुठे आहे ते माहिती करून घ्या, माळीकाकांना सांगितलं की ते कुदळ घेऊन सुरूच करतात. चेंबरच्या झाकणावर माती किंवा लादी घालून ते बुजवू नका, कधीतरी उघडावं लागणारच आहे. झाकण बघवत नसेल तर त्यावर चाकांच्या स्टँडवरची हलकी कुंडी ठेवा.

सगळं अंगण लादीने झाकून टाकायची जी पद्धत आलीय ती मला अजिबात पटत नाही. उन्हाळ्यात तापतं, पावसात पाणी जिरायला जागा राहत नाही आणि सगळं गटारात नाहीतर शेजाऱ्यांच्या दारात जातं. चालायचं तेवढं पक्कं करा, बाकी माती, खडी, झाडं. वाट किमान तीन फूट रुंद हवी, दोन माणसं बरोबर चालायची असतील तर चार, घरात वयस्कर कोणी असेल तर चारच करा. पेव्हर ब्लॉक लावले तर खाली दाबलेली खडी आणि वर वाळूचा थर घ्या, सिमेंटमध्ये पक्के बसवले तर सांध्यातून पाणी जिरत नाही. गुळगुळीत ग्रॅनाइट किंवा पॉलिश केलेला कडप्पा बाहेर नकोच, पहिल्याच सरीला कोणीतरी घसरतं. खरबरीत शहाबादी किंवा जांभा छान दिसतो, फक्त पावसाळ्यात शेवाळ धरतो, तर पंधरवड्याला ब्रश मारत राहा. दारापुढे रांगोळीपुरती सपाट जागा रिकामी सोडा, दिवाळीत कुंड्या सरकवत बसावं लागणार नाही.

आता झाडं. आधी ऊन बघा. सुट्टीच्या दिवशी सकाळी ९, दुपारी १२ आणि ३ वाजता बाहेर येऊन बघा ऊन कुठे कुठे पडतं, कारण मुंबईत समोरच्या टॉवरची सावली सगळं ठरवते. उत्तरेकडे तोंड असलेल्या घरासमोर थंडीत सूर्य दक्षिणेला गेल्यावर थेट ऊन जवळजवळ येतच नाही, मे-जूनमध्ये येतं, म्हणून मे महिन्यात बघून बोगनवेल लावली की डिसेंबरात ती रुसून बसते. पाच-सहा तास कडक ऊन असेल तरच बोगनवेल, जास्वंद, एक्झोरा, मोगरा. दोन-तीन तासच असेल तर स्पायडर लिली, क्रोटन (रंग थोडा फिका येतो), अबोली. ऊन नसेलच तर फर्न, सिंगोनियम, अग्लोनिमा, स्नेक प्लांट, आणि खरं सांगायचं तर फक्त हिरव्या पानांची सावलीतली जागा इतकी गार आणि शांत दिसते की फुलांची आठवणही येत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे प्रकार कमी, संख्या जास्त. पंधरा प्रकारची पंधरा रोपं लावली की नर्सरीचं दुकान वाटतं, तीन प्रकारची पंधरा लावली की बाग वाटते. आमच्या मावशीचं गोराईत बैठं घर आहे, पुढे साधारण नऊ बाय पाचची जागा. तिथे आम्ही डाव्या भिंतीला मिनी तगरीची ओळ लावली, दीड-दीड फुटावर, तिच्या पुढे स्पायडर लिली आणि उजव्या कोपऱ्यात मोठ्या सिमेंटच्या कुंडीत एक देवचाफा. बस. मावशी म्हणाली, "अगं एवढंच? मला अबोली पण हवी होती, मोगरा पण, गुलाब पण." म्हटलं मावशी, मोगरा दाराच्या पायरीशी ठेवू, रात्री वास घरात येईल, आणि अबोलीची एक कुंडी खिडकीखाली, पण गुलाब राहू दे, पावसाळ्यात पानांवर काळे डाग पडून त्याची रया जाते. आता तगर वर्षभर पांढरी असते, पूजेला फुलं मिळतात आणि गेटमधून बघितलं की नजर सरळ दारापर्यंत जाते. उंच मागे, बुटकं पुढे, आणि नजर अडकावी असं एकच मोठं झाड. लहान जागेला यापेक्षा जास्त काही लागत नाही.

लावताना खड्डा मुळांच्या गोळ्याच्या दुप्पट रुंद, पण खोली गोळ्याएवढीच. काळी पिशवी ब्लेडने उभी कापून पूर्ण काढा (बरेच माळी खालून थोडी फाडून तशीच पुरतात, मग वर्षभर झाड तेवढंच राहतं), गोल गोल फिरलेली मुळं बोटांनी हलकेच सैल करा, आणि पिशवीतल्या मातीची पातळी जमिनीच्या पातळीला जुळवा, खोड पुरू नका. इथे गोणीतून मिळणारी लाल माती एकटी वापरली की पावसात चिखल होते आणि उन्हात वीट. निम्मी लाल माती, बाकी शेणखत किंवा गांडूळखत, थोडं कोकोपीट, जाडी वाळू आणि मूठभर निंबोळी पेंड. नंतर वर वाळलेल्या पानांचा दोन इंचाचा थर, खोडाला न चिकटवता. ही पानं लोक झाडून जाळतात, नका जाळू, फुकटचं खत आहे ते.

समुद्राजवळ, वर्सोवा-वरळी-मढ बाजूला, खारा वारा नाजूक पानं जाळतो. तिथे बोगनवेल, देवचाफा, स्पायडर लिली, कण्हेर टिकतात. कण्हेर मात्र पूर्ण विषारी असते, पानापासून फुलापर्यंत, घरात लहान मुलं किंवा कुत्रा-मांजर असेल तर नकोच. आणि भिंतीला, ड्रेनेजला लागून वड-पिंपळ-उंबर जातीचं, फायकसचं किंवा बांबूचं काही लावू नका. गुलमोहर सुंदर, पण फांद्या ठिसूळ, वादळात पडतात, घराला चिकटून नको. मोठी जागा असेल तर बहावा नाहीतर ताम्हण लावा, ताम्हण तर आपलं राज्यफूल आहे आणि एप्रिल-मेमध्ये जांभळं होतं ते बघत राहावं. गेटजवळ जास्वंद लावलात तर फुलं सकाळी फिरायला येणारे तोडणार, हे धरून चाला, नाहीतर हात पोचणार नाही इतकी आत लावा.

कुंड्यांचा रंग एकच ठेवा, मातीच्या तर सगळ्या मातीच्या. खालच्या ताटल्या पावसाळ्यात काढूनच टाका, आणि इतर वेळी आठवड्यातून एकदा रिकाम्या करून घासून कोरड्या करा, डेंग्यूचा डास अंड्यापासून उडेपर्यंत साधारण आठ-दहा दिवस घेतो, तेवढी संधी त्याला द्यायची नाही. जुने टायर रंगवून कुंड्या करतात ते तर मुळीच नको, आत पाणी साचतंच.

गेटला गंजरोधक प्रायमर आणि गडद रंग, वाचता येईल एवढी नावाची पाटी, मीटरबॉक्सला जाळीचं दार (मीटर वाचणाऱ्याला उघडता येईल असं). दिवे पिवळसर घ्या, ३००० केल्विनच्या आसपास, आणि बाहेरची फिटिंग आयपी ६५ ची (म्हणजे धूळ आणि पाण्याचे फवारे आत न जाणारी), लाइनवर आरसीसीबी (करंट गळला की वीज लगेच तोडणारा स्विच) असू द्या, पावसात ओल्या हाताने गेट उघडणारी आपलीच माणसं असतात. एक दिवा देवचाफ्याच्या खोडावर खालून आणि एक दारावर, पुरे.

तळमजल्याचा फ्लॅट असेल तर पुढची मोकळी जागा बहुतेक वेळा सोसायटीची असते, कमिटीची लेखी परवानगी घ्या, नंतरची भांडणं वाचतात. कुंड्या गेटबाहेर फुटपाथवर ठेवू नका, महापालिका उचलून नेते आणि चालणाऱ्यांचा रस्ताही अडतो. मोठं झाड तोडायचं किंवा छाटायचं असेल तर १९७५ च्या झाडांच्या कायद्यानुसार वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, झाड आपल्या अंगणातलं असलं तरी. वॉर्ड ऑफिसच्या उद्यान खात्यात अर्ज करा.

वेळ कुठली? ढाळ, वाट, खडी हे सगळं मार्च ते मेमध्ये उरका, रोपं पहिले दोन-चार पाऊस झाल्यावर लावा, फक्त धो-धो पावसाच्या दिवशी नको. रोपं आरेच्या रस्त्यावर किंवा घोडबंदर रोडच्या नर्सऱ्यांत मिळतात. जास्वंदीवर पांढरा मिलीबग (कापसासारखी दिसणारी कीड) आला की आधी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने पाडा, मग लिटरला पाच मिली नीम ऑइल आणि दोन थेंब लिक्विड साबण, संध्याकाळी मारा, भर उन्हात मारलं तर पानं करपतात. पाऊस संपला की ऑक्टोबरात तगर-जास्वंद हलकी छाटा, मूठभर गांडूळखत द्या, आणि दिवाळीसाठी झेंडू आणायचे असतील तर पूर्ण फुललेले न घेता कळ्यांनी भरलेले, बुटके, दाट पानांचे घ्या, ते घरी येऊन फुलतात आणि कार्तिकी पौर्णिमेपर्यंत सहज टिकतात.