'कॉन्कॉर्ड ग्रंथ' कोणत्या क्रमाने वाचावा

कॉन्कॉर्ड ग्रंथ म्हणजे ल्यूथरन चर्चच्या श्रद्धाविधानांचा संग्रह. तो पहिल्या पानापासून वाचायला घेतला, तर बहुतेक वाचक ल्यूथरचा सहकारी मेलांख्थॉन याच्या समर्थनपत्रातल्या चौथ्या कलमापाशी अडकतात आणि पुस्तक मिटून ठेवतात. दोष वाचकाचा नाही, क्रमाचा आहे. २५ जून १५८० रोजी ड्रेस्डेनला प्रसिद्ध झालेल्या या संग्रहात तीन प्राचीन मतांगीकार (श्रद्धेची संक्षिप्त विधाने) आहेत आणि त्यांच्यामागे १५२९ ते १५७७ या काळातली सात ल्यूथरन लिखाणे. त्यातले प्रत्येक लिखाण कोणाच्या तरी समोर ठेवण्यासाठी झाले: कधी सम्राटापुढे, कधी पोपच्या संभाव्य परिषदेपुढे, कधी घरातल्या मुलांपुढे. म्हणून कलम उघडण्याआधी 'हे कोणासाठी आणि कोणाला उत्तर म्हणून?' एवढे समासात लिहून ठेवा. ते ठाऊक नसेल, तर अर्धी वाक्ये उगाच कडक वाटतात आणि उरलेली उगाच साधी.

सुरुवात जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरच्या लहान प्रश्नोत्तरीने करा. ती एका बैठकीत संपते. सॅक्सनीतल्या मंडळ्यांची पाहणी करताना लोकांचे आणि पुष्कळ पाळकांचेही अज्ञान पाहून त्याने ती १५२९ मध्ये लिहिली. दहा आज्ञा, प्रेषितांचा मतांगीकार, प्रभूची प्रार्थना, बाप्तिस्मा, पापकबुली आणि प्रभुभोजन असा तिचा आवाका आहे. मतांगीकाराच्या तिसऱ्या भागाचे स्पष्टीकरण दोनदा वाचा. माणूस स्वतःच्या बुद्धीने वा बळाने विश्वास ठेवू शकत नाही, पवित्र आत्मा त्याला सुवार्तेद्वारे बोलावतो, हे तिथले म्हणणे पुढे आउग्सबुर्गच्या कबुलीपत्राच्या पाचव्या आणि अठराव्या कलमात पुन्हा भेटते.

इथेच एक घोटाळा टाळायचा आहे. ल्यूथर आज्ञांची गणना रोमन कॅथलिकांप्रमाणेच करतो: मूर्तीविषयीचा मजकूर पहिल्या आज्ञेतच धरतो आणि लोभाच्या दोन आज्ञा करतो. त्यामुळे त्याची सहावी आज्ञा व्यभिचाराची, पाचवी खुनाची. महाराष्ट्रातल्या बहुतेक प्रॉटेस्टंट मंडळ्यांत खुनाची आज्ञा सहावी मोजतात. गोव्याच्या कॅथलिक वाचकाला अडचण येणार नाही, अहमदनगरच्या वाचकाने मात्र आकड्याऐवजी मजकूर पाहावा.

यानंतर आउग्सबुर्गचे कबुलीपत्र. याला सगळ्यात जास्त वेळ द्या. २५ जून १५३० रोजी सॅक्सनीचा चॅन्सलर क्रिस्टियान बायर याने सम्राट पाचव्या चार्ल्सपुढे ते जर्मनमध्ये मोठ्याने वाचले. वाचन सुमारे दोन तास चालले. लेखणी फिलिप मेलांख्थॉनची. ल्यूथरवर साम्राज्याची बंदी असल्याने तो कोबुर्गच्या किल्ल्यात थांबला होता. सह्या संस्थानिकांच्या आणि न्युरेनबर्ग व रॉयट्लिंगेन या शहरांच्या आहेत, धर्मपंडितांच्या नाहीत. हे लक्षात ठेवले की मजकुराचा सौम्य, राजदरबारी सूर कळतो.

कलमे २८. पहिली २१ शिकवणुकीची, उरलेली सात बंद केलेल्या प्रथांविषयी: प्रभुभोजनात सर्वांना प्याला, याजकांचे लग्न, मिस्सा (कॅथलिक उपासनाविधी), पापकबुली, उपवासाचे अन्न, मठातली व्रते आणि बिशपांचा अधिकार. सरळ १ ते २८ असे जाऊ नका. आधी ४, ५, ६ सलग वाचा, मग लगेच २०. माणूस देवापुढे कृपेने, ख्रिस्ताकरिता, विश्वासाद्वारे नीतिमान ठरतो (४). तो विश्वास वचन आणि संस्कारांद्वारे (बाप्तिस्मा, प्रभुभोजन) मिळतो (५). त्यातून सत्कृत्ये यायलाच हवीत (६). ४ एकटे वाचले की 'ल्यूथरनांना सत्कृत्यांचे काही पडलेले नाही' हा जुना आरोप खरा वाटू लागतो. २० हे त्याच आरोपाचे उत्तर. नंतर ७ आणि १५ ची जोडी: एकीसाठी सुवार्ता आणि संस्कार यांवर एकमत पुरे, माणसांनी घालून दिलेले विधी सर्वत्र सारखे असण्याची गरज नाही.

पहिल्याच कलमात मनिकेई, एरियसपंथी अशा जुन्या पाखंड्यांचा निषेध पाहून नवा वाचक गोंधळतो. त्याच वर्षी, १५३० मध्ये, योहान एक (Eck) या कॅथलिक पंडिताने ४०४ विधानांची यादी काढून ल्यूथरन मंडळींना सगळ्या पाखंड्यांच्या रांगेत बसवले होते. निकेयाच्या प्राचीन परिषदेच्या निर्णयाला आम्ही बांधील आहोत, हे आधी सांगणे म्हणूनच भाग होते.

दहावे कलम वाचताना हातातली प्रत तपासा. मेलांख्थॉनने १५४० मध्ये स्वतःच मजकूर बदलला. मूळ लॅटिनमध्ये ख्रिस्ताचे शरीर आणि रक्त 'खरोखर उपस्थित असतात' आणि खाणाऱ्यांना वाटले जातात. बदललेल्या प्रतीत ते 'भाकर आणि द्राक्षारसासह' दिले जातात, आणि वेगळे शिकवणाऱ्यांविषयीचे नापसंतीचे वाक्य गाळले आहे. ते शेवटचे वाक्य नसेल, तर तुमच्याकडे सुधारित प्रत आहे. जर्मन आणि लॅटिन मजकूरही तंतोतंत जुळत नाहीत: जर्मनमध्ये 'भाकर व द्राक्षारसाच्या रूपाखाली' असे शब्द आहेत. दोन्ही अधिकृतच, त्यामुळे वाद शब्दावर आला तर दोन्ही समोर ठेवा.

आउग्सबुर्गच्या कबुलीपत्राचा बचाव करणारे मेलांख्थॉनचे समर्थनपत्र (१५३१) आता उघडा, आणि शेजारी कॅथलिक पक्षाने ३ ऑगस्ट १५३० रोजी वाचलेले त्या कबुलीपत्राचे खंडन ठेवा. जिथे खंडनाने मान्यता दिली तिथे मेलांख्थॉन दोन ओळींत मोकळा होतो. जिथे नाकारले तिथे पानेच्या पाने. चौथे कलम लांब आहे ते यामुळे. ते तुकड्यांनी वाचा.

श्मालकाल्डची कलमे ल्यूथरची, इटलीतल्या मान्टुआला पोप भरवणार असलेल्या परिषदेसाठी लिहिलेली. त्यांत आउग्सबुर्गचा सौम्यपणा शोधू नका. दुसऱ्या भागाचे पहिले कलम तेवढे नीट वाचा. पोपच्या अधिकारावरचा १५३७ चा निबंध मेलांख्थॉनचा आहे. अनेक जण तो ल्यूथरचा समजतात.

कॉन्कॉर्डचे सूत्र (१५७७) सगळ्यात शेवटी. १५४६ मध्ये ल्यूथर गेल्यावर ल्यूथरनांतच जी भांडणे पेटली, ती मिटवण्यासाठी आन्द्रेए, खेमनित्स आणि सहकाऱ्यांनी केलेला हा मजकूर आहे. १२ कलमे, दोनदा मांडलेली: एकदा संक्षेपात, एकदा विस्ताराने. संक्षेपात आधी वाद काय ते, मग काय मानतो ते, मग काय नाकारतो ते अशी मांडणी असते. नाकारलेल्या दोन टोकांवर खूण करा. चौथ्या कलमात एकीकडे 'तारणासाठी सत्कृत्ये आवश्यक' म्हणणारा मायोर, दुसरीकडे 'सत्कृत्ये तारणाला अपायकारक' म्हणणारा आम्सडॉर्फ. सूत्र दोघांचीही भाषा नाकारते. टोके दिसली की विस्तृत आवृत्तीतला तोच भाग झरझर वाचता येतो.

उद्धृत करताना नुसता कलमाचा आकडा देऊ नका. 'कलम ४' आउग्सबुर्गमध्ये आहे, समर्थनपत्रातही, सूत्रातही दोन ठिकाणी. लिखाणाचे नाव, कलम आणि परिच्छेद असे तिन्ही द्या. आणि सूत्रातले वाक्य सगळ्या ल्यूथरनांच्या तोंडी घालू नका: डेन्मार्कचा राजा दुसरा फ्रेडरिक याने सूत्र स्वीकारलेच नाही. तिथल्या चर्चला तीन मतांगीकार, आउग्सबुर्गचे मूळ कबुलीपत्र आणि लहान प्रश्नोत्तरी एवढेच बंधनकारक राहिले. पुढच्या एका डॅनिश राजाने पाठवलेला मिशनरी त्सीगेनबाल्ग १७०६ मध्ये तमिळनाडूतल्या तरंगंबाडीला उतरला, तोही याच चर्चच्या वतीने.