शीर तुंबलेल्या डोळ्याचं पुढे काय होईल? भाकिताचा अभ्यास हाती घेणाऱ्यांसाठी

रेटिनल व्हेन ऑक्लुजनवर, म्हणजे डोळ्याच्या पडद्याची शीर तुंबण्याच्या आजारावर, पहिला प्रबंध करायला घेतला की बहुतेक जण आधी एक्सेल उघडतात. वय, रक्तदाब, बेसलाइन (सुरुवातीची) दृष्टी, ओसीटीवरची (पडद्याच्या थरांच्या स्कॅनवरची) जाडी, डोळ्यातल्या इंजेक्शनांची संख्या आणि शेवटच्या रकान्यात दोन वर्षांनंतरची दृष्टी. मग कशाचा कशाशी संबंध लागतो ते सॉफ्टवेअर सांगतं. उत्तर मिळतं, पण ते कोणत्या प्रश्नाचं आहे हे सांगता येत नाही. म्हणून एक्सेलच्या आधी दोन गोष्टी कागदावर लिहा: भाकीत नेमकं कशाचं करायचं, आणि उपचाराच्या कोणत्या टप्प्यावर करायचं.

पहिली गोष्ट सोपी वाटते, पण सगळ्यात जास्त घोटाळा तिथेच होतो. शेवटची दृष्टी आणि दृष्टीत झालेली सुधारणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ईटीडीआरएस या दृष्टी मोजण्याच्या अक्षरतक्त्यावर ८५ अक्षरं म्हणजे साधारण ६/६, ७० म्हणजे ६/१२ आणि ३५ म्हणजे ६/६०. सत्तरवर सुरुवात करणाऱ्या डोळ्याला वर चढायला पंधराएक अक्षरांचीच जागा असते, पस्तिसावरच्या डोळ्याला पन्नासची. त्यामुळे बेसलाइन दृष्टी जितकी वाईट तितकी सुधारणा जास्त दिसते, आणि त्याच रुग्णांमध्ये शेवटची दृष्टी मात्र कमी राहते. दोन्ही निष्कर्ष खरे असतात. शिवाय सुधारणा म्हणजे शेवटच्या आकड्यातून बेसलाइन वजा करणं. बेसलाइन मोजताना झालेली चूक त्या वजाबाकीतही उतरते आणि दोघांमध्ये उलटा संबंध आपोआप तयार होतो. आमचा सल्ला स्पष्ट आहे: निष्पत्ती म्हणून शेवटची दृष्टी घ्या, बेसलाइन दृष्टी मॉडेलमध्ये घटक म्हणून घाला, आणि सुधारणेचा आकडा फक्त तक्त्यात द्या.

शीर तुंबल्याने पडद्याच्या मध्यभागी आलेली सूज कायमची ओसरेल का, हा तिसरा आणि वेगळाच प्रश्न. त्याची व्याख्या आधीच ठरवावी लागते. रॅनिबिझुमॅब हे सूज उतरवणारं इंजेक्शन घेतलेल्या रुग्णांना सुमारे चार वर्षं पाहणाऱ्या रिटेन अभ्यासात शेवटच्या इंजेक्शननंतर किमान सहा महिने सूज परतली नाही तरच ती ओसरली असं मानलं होतं. त्या मापाने बीआरव्हीओचे (फांदीची शीर तुंबलेले) ५० टक्के आणि सीआरव्हीओचे (मुख्य शीर तुंबलेले) ४४ टक्के डोळे सुटले. उरलेल्यांना चौथ्या वर्षीही सुई चालूच होती. तुमच्या व्याख्येत सहाऐवजी तीन महिने धरलेत, तर सुटलेल्यांमध्ये असे डोळे मोजले जातील ज्यांची सूज पुढच्या भेटीत परत येणार आहे.

आता टप्पा. ‘इंजेक्शनांची संख्या’ हा घटक बेसलाइनच्या मॉडेलमध्ये घालणं ही नवख्यांची हमखास चूक. पहिल्या भेटीत ती संख्या कुणालाच माहीत नसते. आणि एका वर्षात चार इंजेक्शनं झालेल्यांत दोन अगदी उलट प्रकारचे डोळे असतात: सूज ओसरली म्हणून पुढची लागलीच नाहीत असे, आणि रुग्ण यायचाच थांबला असे. सुरुवातीचा प्रतिसाद वापरायचा असेल तर तिसरा महिना हा टप्पा धरा. त्या दिवसापर्यंत फॉलोअपला असलेलेच रुग्ण घ्या, घटक फक्त तोवरचे, आणि निष्पत्ती त्यानंतरची. बेसलाइनची जाडी रक्त आणि पाण्याने फुगलेली असते. सूज उतरल्यावर काय शिल्लक राहिलं, ते दूरचं जास्त सांगतं.

याच कारणासाठी ओसीटी वाचताना घाई नको. सूज आणि रक्तस्राव असताना खाली सावली पडते, आणि धड असलेला इलिप्सॉइड झोनही (प्रकाशग्राही पेशींचा थर) तुटल्यासारखा दिसतो. त्याची प्रत सूज ओसरल्यानंतरच्या स्कॅनवर ठरवा. आतल्या थरांची विस्कळीतता, जिला सगळे ‘ड्रिल’ म्हणतात, ती फोव्हिया या पडद्याच्या मध्यबिंदूभोवतीच्या मधल्या १ मिमी पट्ट्यात मोजायची असते. एकेक बी-स्कॅन (ओसीटीचा उभा छेद) घ्यायचा, गँग्लियन पेशी व इनर प्लेक्सिफॉर्मचा एकत्र थर, इनर न्यूक्लियर आणि आउटर प्लेक्सिफॉर्म यांच्यामधल्या सीमा डोळ्याने शोधायच्या, आणि जिथे त्या वेगळ्या काढता येत नाहीत ती आडवी लांबी मायक्रॉनमध्ये टिपायची. दोघांनी स्वतंत्रपणे आणि रुग्णाची दृष्टी किती आहे हे न पाहता मोजावं. दृष्टी माहीत असली की नजर आपोआप तिकडे झुकते. मशीन बदललेलं असेल तर जाडीचे आकडे थेट एकत्र करू नका. स्पेक्ट्रॅलिसचं मोजमाप जुन्या स्ट्रॅटसपेक्षा साधारण ६० ते ७० मायक्रॉनने जास्त येतं, कारण बाहेरची सीमारेषा दोघं वेगळ्या ठिकाणी धरतात. ओसीटी अँजिओग्राफीत (रक्तवाहिन्यांचं जाळं दाखवणाऱ्या स्कॅनमध्ये) सुजलेल्या डोळ्यांत थरांच्या रेषा सरकतात. त्या हाताने दुरुस्त केल्याशिवाय खोल जाळ्याची घनता वापरू नये.

बीआरव्हीओ आणि सीआरव्हीओ एकाच मॉडेलमध्ये टाकायचा मोह टाळा. रॅनिबिझुमॅबच्या चाचण्यांत सहा महिन्यांनी शॅम गटात (इंजेक्शनचं नुसतं सोंग केलेल्यांत) बीआरव्हीओच्या ब्राव्होमध्ये सरासरी ७.३ अक्षरं वाढली होती, सीआरव्हीओच्या क्रूझमध्ये ०.८. म्हणजे फांदीची शीर तुंबलेला डोळा काही अंशी स्वतःहून सावरतो, मुख्य शिरेचा फारसा नाही. सहा महिने थांबून औषध मिळालेल्यांचं वर्षअखेरचं चित्रही बोलकं आहे: क्रूझमध्ये ७.३ अक्षरं, तर सुरुवातीपासून ०.५ मिग्रॅ मिळालेल्यांत १३.९. म्हणून लक्षणं सुरू झाल्यापासून पहिल्या इंजेक्शनपर्यंतचे दिवस नक्की नोंदवा. फाईलमध्ये बहुधा तपासणीची तारीखच असते, लक्षणांची रुग्णाला विचारूनच मिळते.

इस्केमिया, म्हणजे पडद्याला रक्त कमी पडणं, हा शिक्का कायमचा समजू नका. सेंट्रल व्हेन ऑक्लुजन स्टडीत रक्तपुरवठा ठीक असलेले ३४ टक्के डोळे तीन वर्षांत इस्केमिक झाले. आज इंजेक्शनं चालू असताना इस्केमियामुळे फुटणाऱ्या नव्या रक्तवाहिन्या दबून राहतात आणि थांबवल्यावर उशिरा डोकं वर काढू शकतात. त्यामुळे बाहुली मोठी करण्याआधी बुबुळाची कड पाहणं आणि गोनिओस्कोपी (डोळ्याच्या पुढच्या कोनाची भिंगातून तपासणी) करणं फॉलोअपच्या फॉर्ममध्येच छापा. नंतर जुन्या फायलींतून ही माहिती मिळत नाही.

गळालेल्या रुग्णांची शेवटची नोंद पुढे ओढून रकाना भरू नका. यायचे थांबलेले बरेचदा एकतर फार बरे असतात किंवा फार वाईट. कोण गळालं आणि त्यांची बेसलाइन काय होती, याचा वेगळा तक्ता द्या. भेटी अनियमित असतील तर एकाच रुग्णाच्या अनेक नोंदी एकत्र धरणारं मिश्र परिणामांचं मॉडेल वापरा. स्टिरॉइड इम्प्लांट घेतलेल्यांत मोतीबिंदूने दृष्टी उतरते आणि दोष रेटिनाच्या माथी येतो, म्हणून लेन्सची स्थिती प्रत्येक भेटीत लिहा.

शेवटी मॉडेलची तपासणी. प्रशिक्षण आणि चाचणीचे गट रुग्णानुसार पाडा, स्कॅननुसार नाही. एकाच डोळ्याचे दोन स्कॅन दोन्हीकडे गेले की अचूकता खोटी वाढते. एयूसीसोबत (मॉडेल दोन गट किती नीट वेगळे करतं, त्या आकड्यासोबत) कॅलिब्रेशनचा आलेखही द्या. ज्यांना मॉडेलने सूज ओसरण्याची ७० टक्के शक्यता दिली, त्यांपैकी खरोखर किती जणांची ओसरली, हे त्यावरच दिसतं. आणि समोर बसलेल्या रुग्णाला नेमकं हेच विचारायचं असतं.