‘साईट स्लो आहे’ म्हणजे नेमकं काय स्लो आहे, ते असं शोधा

‘साईट स्लो आहे’ अशी तक्रार आली की लगेच इमेज कॉम्प्रेस करायला किंवा सर्व्हर वाढवायला पळू नका, आधी विचारा की स्लो म्हणजे नेमकं काय होतंय. पान उघडायलाच वेळ लागतोय, की पान दिसतंय पण बटण दाबलं तर काही हलत नाही, की एरवी सगळं बरं चालतं आणि गर्दी झाली की बसतं? हे तीन वेगळे प्रॉब्लेम आहेत, तिन्हीची टेस्ट वेगळी आणि उपायपण वेगळा. पहिल्याचा उपाय तिसऱ्यावर करत बसलं तर आठवडे जातात, सर्व्हरचं बिल वाढतं आणि युजरला काडीचा फरक पडत नाही.

मोजायचं कुठे आणि कसं

तुमच्या कामाच्या दणकट लॅपटॉपवर, फास्ट वायफायवर, सगळं कॅशमध्ये, म्हणजे आधीच साठवून ठेवलेलं असताना साईट पळणारच, त्याला टेस्ट म्हणत नाहीत. क्रोममध्ये इनकॉग्निटो विंडो उघडा कारण एक्स्टेन्शन्समुळे आकडे बिघडतात, डेव्हटूल्सच्या, म्हणजे क्रोममधल्याच तपासणीच्या टूल्सच्या नेटवर्क टॅबमध्ये डिसेबल कॅश टिक करा, नेटवर्क थ्रॉटल करा म्हणजे मुद्दाम स्लो करा आणि परफॉर्मन्स टॅबमध्ये सीपीयू 4 पट स्लो करा. लाइटहाउस या गूगलच्या स्पीड तपासणाऱ्या टूलचं मोबाईल सेटिंगपण साधारण हेच करतं, 150 मिलिसेकंद लेटन्सी (नेटवर्कवरून उत्तर यायचा उशीर), 1.6 एमबीपीएसच्या आसपास स्पीड आणि 4 पट स्लो सीपीयू धरून चालतं. एकदाच रन करून स्कोअरचा स्क्रीनशॉट टीमच्या ग्रुपवर टाकू नका, प्रत्येक रनला आकडा थोडा हलतो, पाच वेळा रन करा आणि मधला आकडा घ्या. आणि जमत असेल तर एखादा स्वस्तातला जुना अँड्रॉइड फोन यूएसबीने जोडून त्याच्यावर साईट वापरून बघाच, जे पान तुम्हाला झटक्यात उघडल्यासारखं वाटतं ते तिथे किती वेळ पांढरं राहतं हे डोळ्याने बघितलं की टीममधली अर्धी वादावादी आपोआप थांबते.

पेजस्पीड इनसाइट्स या गूगलच्या टूलमध्ये साईटचा पत्ता टाकला की वरच्या भागात खऱ्या क्रोम युजर्सचा मागच्या 28 दिवसांचा डेटा येतो आणि खाली लाइटहाउसची तेवढ्यापुरती केलेली टेस्ट. दोन्ही जुळत नसतील तर वरचं खरं माना, खालचं कारण शोधायला वापरा. वरचा डेटा 28 दिवसांचा असल्यामुळे आज केलेली दुरुस्ती तिथे पूर्ण दिसायला चार आठवडे लागतात, उद्याच फरक नाही दिसला म्हणून केलेलं काम उलटवू नका. ट्रॅफिक कमी असेल तर तो भाग रिकामाच दिसतो, मग वेब व्हायटल्स नावाची गूगलची छोटी जावास्क्रिप्ट लायब्ररी साईटवर टाकून आकडे स्वतः गोळा करा, आणि सोबत पान कुठलं, डिव्हाइस कुठलं हेपण साठवा, नाहीतर नुसत्या आकड्यांच्या ढिगातून काही कळत नाही.

बघायचे आकडे तीन. एलसीपी म्हणजे पानावरचा सगळ्यात मोठा फोटो किंवा मजकूर दिसायला लागलेला वेळ, तो 2.5 सेकंदांच्या आत हवा. आयएनपी म्हणजे क्लिक, टॅप किंवा टायपिंग केल्यावर स्क्रीनवर फरक दिसेपर्यंतचा वेळ, तो 200 मिलिसेकंदांच्या आत, मार्च 2024 मध्ये एफआयडी हा जुना आकडा काढून हा आणला. सीएलएस म्हणजे पानावरचा मजकूर आपोआप किती सरकतो, ते 0.1 च्या आत. हे तिन्ही 75व्या पर्सेंटाइलला धरतात, म्हणजे 100 व्हिजिटपैकी 75 तरी या मर्यादेत बसल्या पाहिजेत. सरासरी धरू नका, सरासरीत ज्याला खरा त्रास होतोय तो माणूस लपून जातो आणि आपल्याला शोधायचंय त्यालाच.

पान उघडायला वेळ लागत असेल तर

एलसीपीचा आकडा एकसंध नसतो, त्याचे चार तुकडे पडतात: सर्व्हरकडून पहिला बाइट येईपर्यंतचा वेळ, तो मोठा फोटो मागवायला ब्राउझरने केलेला उशीर, प्रत्यक्ष डाउनलोड, आणि डाउनलोड झाल्यावरही स्क्रीनवर यायला लागलेला वेळ. नेटवर्क टॅबमधला वॉटरफॉल, म्हणजे कुठली फाइल कधी मागवली आणि कधी आली त्याचा आलेख उघडा आणि यातला सगळ्यात लांब तुकडा कुठला ते बघा, मग फक्त त्यालाच हात लावा. लोक सरळ तिसऱ्या तुकड्यावर उडी मारतात, फोटो लहान करतात, पण खूपदा घोळ दुसऱ्या तुकड्यात असतो, म्हणजे फोटो लहानच असतो पण तो मागवायचाय हे ब्राउझरला फार उशिरा कळतं. फोटो सीएसएसच्या बॅकग्राउंडमध्ये लपलेला असतो, किंवा जावास्क्रिप्ट चालून झाल्यावर पानात घुसवलेला असतो, किंवा सगळ्याच इमेजना लेझी लोडिंग (स्क्रोल करून जवळ गेल्यावरच फोटो मागवणं) लावताना वरच्या मुख्य फोटोलापण ते लागलेलं असतं. हे शेवटचं तर फारच कॉमन आहे. मुख्य फोटो साध्या इमेज टॅगमध्ये थेट एचटीएमएलमध्ये ठेवा, त्याचं लेझी लोडिंग काढा, फेच प्रायॉरिटी, म्हणजे मागवण्याचा अग्रक्रम, हाय करा. खालच्या, स्क्रोल केल्यावर दिसणाऱ्या फोटोंना लेझी लोडिंग राहू द्या, तिथे ते बरोबर आहे.

डाउनलोडच मोठं असेल तर आधी फोटोचा आकार बघा. 400 पिक्सेल रुंदीच्या जागेत 4000 पिक्सेल रुंद फोटो टाकला तर लागतात त्याच्या 100 पट पिक्सेल पाठवले जातात, कारण उंचीपण 10 पट असते. इमेज टॅगमधले सोर्ससेट आणि सायझेस वापरून स्क्रीनप्रमाणे फोटो द्या, फॉरमॅट एव्हीआयएफ किंवा वेबपी ठेवा. एचटीएमएल, सीएसएस, जावास्क्रिप्टला ब्रॉटली किंवा जीझिप कॉम्प्रेशन लावा, फोटोंना परत जीझिप लावून उपयोग नाही, ते आधीच कॉम्प्रेस झालेले असतात.

पहिला बाइटच उशिरा येत असेल, म्हणजे 800 मिलिसेकंदांच्या पुढे, तर आधी रीडायरेक्ट मोजा. साध्या पत्त्यावरून सुरक्षित पत्ता, तिथून डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूवाला, तिथून भाषेचं पान, अशी साखळी असली तर प्रत्येक उडीला नेटवर्कची एक अख्खी फेरी जाते, ती थेट एका उडीत आणा. त्यानंतरही वेळ जात असेल तर सर्व्हर टायमिंग नावाचा हेडर (उत्तरासोबत जाणारी माहितीची ओळ) पाठवायला सुरू करा, त्यात डेटाबेसला किती वेळ, टेम्प्लेटला किती हे लिहिलं की ते सरळ डेव्हटूल्समध्ये दिसतं, फ्रंटएंड आणि बॅकएंडवाल्यांना एकमेकांकडे बोट दाखवायची गरजच उरत नाही.

कॅशबद्दल एवढंच की ज्या फाइल्सच्या नावात हॅश (फाइल बदलली की बदलणारा कोड) आहे त्यांना एका वर्षाचा, म्हणजे 31536000 सेकंदांचा मॅक्स एज (प्रत किती वेळ चालेल तो काळ) द्या, आणि एचटीएमएलला नो कॅश, ज्याचा अर्थ साठवू नको असा होत नाही, वापरण्याआधी सर्व्हरला विचार असा होतो. लॉगिन केलेल्या माणसाचं पान मात्र चुकूनही सीडीएनवर (फाइल्सच्या प्रती ठेवणाऱ्या, युजरच्या जवळच्या सर्व्हरवर) सगळ्यांसाठी कॅश होऊ देऊ नका, एकाचं अकाउंट दुसऱ्याला दिसलं तर ती परफॉर्मन्सची गोष्ट राहत नाही.

दिसतंय पण हलत नाही

इथे दोष जवळपास नेहमी जावास्क्रिप्टचा. ब्राउझरचा मेन थ्रेड एकच असतो, त्याच्यावर 50 मिलिसेकंदांपेक्षा लांब काम चाललं की त्याला लाँग टास्क म्हणतात आणि तेवढा वेळ तुमचा टॅप रांगेत थांबतो. परफॉर्मन्स टॅबमध्ये रेकॉर्ड लावा, जिथे अडकतंय ते बटण दाबा, थांबवा आणि लाल कोपरा असलेले पट्टे बघा, कुठलं फंक्शन वेळ खातंय ते तिथेच कळतं. आपलं स्वतःचं फंक्शन असेल तर काम तुकड्यांत तोडा, आधी बटणाचा रंग किंवा लोडर दिसू द्या आणि जड हिशोब नंतर सेट टाइमआउटने पुढे ढकला.

पण आपला कोड तपासण्याआधी बाहेरून आणलेल्या स्क्रिप्ट तपासा, चॅटचं विजेट, टॅग मॅनेजर, चार वेगवेगळी अ‍ॅनालिटिक्स, जाहिराती. नेटवर्क टॅबमध्ये एखाद्या रिक्वेस्टवर राइट क्लिक करून ती ब्लॉक करता येते, एकेक ब्लॉक करून परत मोजा. अमुक विजेटमुळे इतके मिलिसेकंद जातात हा आकडा हातात आला की मार्केटिंगवाल्यांशी बोलणं सोपं होतं, आणि बरेचदा कळतं की त्यातलं एखादं टूल कोणी वापरतच नाहीये, फक्त काढायचं राहून गेलंय.

मजकूर आपोआप सरकण्याचा, म्हणजे सीएलएसचा उपाय पटकन होतो. फोटोंना विड्थ-हाइट द्या, जाहिरातीच्या जागेला आधीच किमान उंची द्या, आणि वर अचानक येणारी पट्टी मजकूर ढकलणार नाही अशी बसवा.

गर्दीत बसत असेल तर

इथे लाइटहाउस काही कामाचं नाही, लोड टेस्ट, म्हणजे नकली गर्दी टाकून केलेली टेस्ट लागते. के6, जेमीटर, लोकस्ट, जे टीमला लिहायला सोपं वाटेल ते घ्या. टूलपेक्षा टेस्ट कशी लिहिताय ते जास्त महत्त्वाचं. सगळे व्हर्च्युअल युजर एकाच अकाउंटने लॉगिन करून एकच पान मागत असतील तर सगळं कॅशमधून येतं आणि निकाल फुकटचा गोड दिसतो. डेटाबेसमध्ये खऱ्याइतका डेटा भरा, दोन क्लिकच्या मध्ये माणूस थांबतो तसा वेळ ठेवा, लोड टाकणारं मशीन वेगळं ठेवा, पेमेंटसारख्या बाहेरच्या सेवांच्या जागी नकली उत्तर देणारा तुकडा लावा. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या सर्व्हरवर लोड टाकायचा नाही.

अजून एक गोष्ट आहे जी फार लोकांच्या लक्षात येत नाही. ठरावीक युजर ठेवून टेस्ट चालवली की प्रत्येक युजर उत्तर आल्यावरच पुढची रिक्वेस्ट पाठवतो, म्हणजे सर्व्हर स्लो झाला की लोड आपोआप कमी होतो आणि सर्व्हर सावरल्यासारखा दिसतो. खरी गर्दी अशी वागत नाही, तुमचा सर्व्हर अडकला म्हणून बाहेरचे लोक यायचे थांबत नाहीत. म्हणून सेकंदाला इतक्या रिक्वेस्ट असा दर बांधून टेस्ट करा, के6 मध्ये त्यासाठी अरायव्हल रेटची सोय आहे.

हिशोब साधा आहे. सेकंदाला 50 रिक्वेस्ट येतात आणि प्रत्येकीला 0.4 सेकंद लागतात, तर एका वेळी 20 चालू असतात. एखादी क्वेरी (डेटाबेसकडे केलेली मागणी) बिघडून हाच वेळ 2 सेकंद झाला की एका वेळी 100 चालू, आणि प्रत्येक रिक्वेस्ट पूर्ण वेळ एक डेटाबेस कनेक्शन धरून बसत असेल आणि पूल, म्हणजे अशा कनेक्शनचा साठा, 30 चा असेल तर बाकीच्या रांगेत, मग टाइमआउट, मग लोक रिफ्रेश मारतात आणि गर्दी अजून वाढते. अशा वेळी नुसता पूल मोठा केला तर बरेचदा डेटाबेसच खाली बसतो, आधी ती क्वेरी शोधा. एक्सप्लेन (क्वेरी कशी चालते ते दाखवणारी डेटाबेसची कमांड) लावून इंडेक्स वापरला जातोय का बघा, आणि एन प्लस वन शोधा, म्हणजे 50 ऑर्डरची यादी दाखवायला एक क्वेरी आणि मग प्रत्येक ऑर्डरच्या ग्राहकासाठी वेगळी अशा 51 क्वेरी जातायत का. तेच काम दोन क्वेरीत होतं.

निकाल वाचताना पी95 आणि पी99, म्हणजे 95व्या आणि 99व्या पर्सेंटाइलचा वेळ बघा. एका पानाला 10 एपीआय कॉल (सर्व्हरकडे डेटाच्या मागण्या) लागतात आणि प्रत्येक कॉल 100 पैकी एकदाच रखडतो असं धरलं तरी 100 पैकी जवळपास 10 वेळा त्या पानाचा एक तरी कॉल रखडतो, त्यामुळे एक टक्का आहे, सोडून द्या असं म्हणू नका.

एका वेळी एकच बदल करा, आधीचा आणि नंतरचा आकडा लिहून ठेवा. एकदा आकडे खाली आले की बिल्डमध्ये, म्हणजे कोडमधून साईट तयार होते त्या टप्प्यात मर्यादा घाला, लाइटहाउस सीआय (बिल्डसोबत लाइटहाउस आपोआप चालवणारं टूल) लावा किंवा निदान जावास्क्रिप्ट बंडलची साइज तपासा, मर्यादा ओलांडली की बिल्ड फेल. मर्यादा सुरुवातीला आजच्या आकड्याएवढीच ठेवा, पहिल्याच दिवशी कडक ठेवली तर सगळेच बिल्ड अडकतील आणि कोणीतरी वैतागून तो चेकच बंद करेल, मग प्रत्येक सुधारणेनंतर ती थोडी थोडी खाली आणा.