ब्राउझर दोन ठेवा, पण एकाच तालमीतले नकोत

कोल्हापूरच्या राजारामपुरीत माझं ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. २०१२ मध्ये कागलच्या एका ठेकेदाराचं टेंडर भरत होतो. त्या पोर्टलवर डिजिटल सही फक्त इंटरनेट एक्स्प्लोररमध्ये चालायची. शेवटच्या तासात तो तीनदा अडकला आणि टेंडर राहिलं. मशीनवर फायरफॉक्स होता, पण साइटच एकासाठी बांधलेली. ठेकेदार अजून भेटला की आठवण काढतो.

आता तीच जागा क्रोमनं घेतलीय. म्हणून दुसरा ब्राउझर घ्या आणि रोज वापरा.

क्रोम आणि एज ठेवले म्हणजे दोन झाले, असं समजू नका. एज २०२० पासून क्रोमियमवरच चालतो, म्हणजे क्रोम ज्या खुल्या कोडवर उभा आहे त्याच्यावरच. ऑपेरा, ब्रेव्ह, विवाल्डी, सगळे तसेच. लंगोट वेगळा, तालीम एकच. खासबागेत यांची जोड लावली तर नुरा कुस्तीच व्हायची. खात्री करायची तर एजच्या सेटिंग्जमध्ये 'अबाउट' उघडा, क्रोमियमचं नाव तिथंच लिहिलंय. विंडोजवर खरा वेगळा गडी म्हणजे फायरफॉक्स, त्याचं इंजिन, म्हणजे वेबपान उभं करणारा गाभा, गेको.

तो बनवणाऱ्या मोझिलाच्या साइटवरूनच उतरवा, जाहिरातीतल्या लिंकवरून नको. उजवीकडच्या तीन आडव्या रेघा दाबा, सेटिंग्जमध्ये जा आणि 'इम्पोर्ट' शोधा. क्रोम निवडला की बुकमार्क येतात. पासवर्ड आले नाहीत तर क्रोमच्या पासवर्ड मॅनेजरमधून फाइल काढा आणि ती फायरफॉक्सच्या पासवर्ड पानावरून आत घ्या. काम झालं की फाइल लगेच पुसा, रिसायकल बिनमधूनसुद्धा. तिच्यात सगळे पासवर्ड उघडे लिहिलेले असतात. गिऱ्हाइकांच्या पेनड्राइव्हवर मी असल्या फाइली बघितल्यात, म्हणून सांगतो. आयफोनवर मात्र हा खटाटोप नको. आपल्याकडं तिथं फायरफॉक्ससुद्धा ॲपलच्या वेबकिट इंजिनवरच चालतो.

एवढा उपद्व्याप कशाला, असं पोरं विचारतात. १९९४ ला नेटस्केप नावाचा ब्राउझर आला, गाजला. मायक्रोसॉफ्टनं १९९५ मध्ये एक्स्प्लोरर काढला आणि पुढं विंडोजसोबतच दिला; वेगळा ब्राउझर कोण कशाला घेईल? १९९८ मध्ये अमेरिकी सरकारनं खटला भरला. २००० मध्ये न्यायाधीश म्हणाले, कंपनीचे दोन तुकडे करा. २००१ मध्ये अपिलात तो आदेश उडाला. तोवर नेटस्केप चीतपट झाला होता. समोर जोडच नाही म्हटल्यावर पैलवानानं जोर-बैठका सोडल्या. एक्स्प्लोरर ६ आला २००१ मध्ये, सातवा थेट २००६ मध्ये. तोही कधी, तर नेटस्केपनं मोकळ्या केलेल्या कोडपासून सुरू झालेल्या कामातून २००४ मध्ये फायरफॉक्स उभा राहिल्यावर.

आठवडाभर फायरफॉक्सच वापरा. एखादी साइट अडली तर तेवढ्यापुरता क्रोम उघडा, पण साइटवाल्यांना कळवा. मी स्क्रीनशॉटसकट मेल करतो. आजवर एकदाच उत्तर आलं : 'कृपया क्रोम वापरा.'