पावसाळ्यात घर बदललं आणि कागद रंग पिऊ लागला

जूनमध्ये आम्ही चिपळूणहून मालवणला राहायला आलो. भांडीकुंडी लागली, गाद्या लागल्या, माझे जलरंगाचे जाड कॉटन कागद (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचे) मात्र महिनाभर पडवीतल्या खोक्यातच राहिले. त्यात बंदराचं एक चित्र द्यायचं कबूल केलेलं.

कागद काढला, आभाळाचा वॉश (पाणीदार रंगाचा पातळ थर) टाकला आणि पोटात धस्स झालं. निळा रंग खाली ओघळायचं सोडून जागच्या जागी मुरला, जिकडेतिकडे गडद ठिपके. दोष रंगाचा नव्हता. या कागदाला जिलेटिनची खळ असते, तिच्यामुळे पाणी वर टिकतं. दमट हवेत बुरशी नेमकी तीच खाते.

डाग पडलेले कागद टाकले, फार जिवावर आलं. उरलेल्यांसाठी अर्धा लिटर पाण्यात १० ग्रॅम जिलेटिन भिजवलं, मंद आचेवर विरघळवलं (उकळी येऊ द्यायची नाही), रुंद ब्रशने कोमट असतानाच दोन्ही बाजूंना लावलं आणि पंख्याखाली सुकवलं. मग कोपऱ्यात पाण्याचा थेंब टाकला. अळवाच्या पानावर राहावा तसा उभा राहिला! नव्या कागदाची सर नाही, पण वॉश नीट बसतो.

आता कागद घट्ट झाकणाच्या डब्यात, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसोबत, ओलसर भिंतीपासून लांब.

सामानाची खोकी अजून आहेतच, ती दुपारनंतर उघडते. सकाळचा एक तास चित्राचा, हे सासूबाईंना सांगितलं, तर त्यांनीच खिडकीजवळची जागा रिकामी करून दिली. बंदराचं चित्र १५ दिवस उशिरा गेलं.