ब्राउझरमधील एक्स्टेन्शन कशी तपासावीत

कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीतील व्यापारी पेढी असो किंवा शाहूपुरीतील करसल्लागाराचे कार्यालय, अनेक ठिकाणी एकाच ब्राउझरमध्ये जीएसटीचे विवरणपत्र, बँकेचे व्यवहार आणि ई-मेल अशी सगळी कामे चालतात. पीडीएफची वर्ड फाइल करण्यासाठी किंवा स्क्रीनशॉट घेण्यासाठी कोणीतरी केव्हातरी त्यात एखादे एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडला जाणारा छोटा प्रोग्राम, टाकलेले असते. काम संपते, एक्स्टेन्शन मात्र तिथेच राहते.

फ्लॅश आणि जावा या जुन्या प्लगइनची काळजी आता फारशी उरलेली नाही. क्रोमने २०१५ मध्ये जावा प्लगइनचा आधार काढून घेतला आणि ॲडोबीने ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅश बंद केले. त्यामुळे एखादी साइट आज ‘फ्लॅश प्लेयर अपडेट करा’ असे सांगत असेल, तर ती फसवणूकच समजून ते पान बंद करावे.

खरा धोका परवानगीत आहे. एक्स्टेन्शन घेताना ‘सर्व वेबसाइटवरील तुमचा सर्व डेटा वाचणे आणि बदलणे’ अशा अर्थाची सूचना येते आणि आपण ती न वाचताच पुढे जातो. ही परवानगी मिळालेले एक्स्टेन्शन बँकेच्या पानावरील शिल्लक वाचू शकते, पासवर्डच्या चौकटीत टाइप केलेली अक्षरे टिपू शकते आणि पानावर दिसणारा खाते क्रमांकही बदलू शकते. काही ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीत दिसणारे कुलपाचे चिन्ह इथे उपयोगी पडत नाही, कारण ते चिन्ह ब्राउझर आणि बँक यांच्यामधल्या वाटेची हमी देते. एक्स्टेन्शन तर ब्राउझरच्या आतच बसलेले असते.

आज चांगले असलेले एक्स्टेन्शन उद्याही चांगलेच राहील, असेही नाही. लाखो लोक वापरत असलेले ‘द ग्रेट सस्पेंडर’ २०२० मध्ये मूळ निर्मात्याने दुसऱ्याच्या हाती सोपवले आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलने ते घातक ठरवून काढून टाकले. डिसेंबर २०२४ मध्ये सायबरहेवन या सुरक्षा कंपनीच्याच कर्मचाऱ्याला बनावट ई-मेलने फसवून तिच्या एक्स्टेन्शनचे बाधित अपडेट वापरकर्त्यांपर्यंत पोहोचवण्यात आले. अपडेटमध्ये नवी, अधिक मोठी परवानगी मागितली गेली तर क्रोम एक्स्टेन्शन थांबवून आपल्याला विचारतो. पण सर्व साइटची परवानगी आपण आधीच देऊन ठेवली असेल, तर विचारण्यासारखे काही उरतच नाही आणि अपडेट गुपचूप बसते. म्हणूनच केवळ वापरकर्त्यांची संख्या आणि चांदण्या पाहून विश्वास ठेवू नये.

तपासणीसाठी क्रोमच्या उजव्या कोपऱ्यातील तीन टिंबांवर क्लिक करून एक्स्टेन्शनची यादी उघडावी. जे कोणी टाकले हे आठवत नाही किंवा जे अनेक महिन्यांत वापरलेले नाही, ते केवळ बंद न करता काढूनच टाकावे. उरलेल्या प्रत्येकाच्या ‘तपशील’ पानावर जाऊन साइट ॲक्सेस ‘सर्व साइटवर’ असेल, तर तो ‘क्लिक केल्यावर’ किंवा ‘विशिष्ट साइटवर’ असा करावा. स्क्रीनशॉटच्या एक्स्टेन्शनला बँकेचे पान आपोआप वाचण्याचे काहीच कारण नाही. फायरफॉक्समध्ये हीच तपासणी ‘ॲड-ऑन’ विभागात करता येते.

बँक आणि करविषयक कामांसाठी क्रोममध्ये वेगळे प्रोफाइल, म्हणजे स्वतंत्र सेटिंग आणि एक्स्टेन्शन असलेला वेगळा कप्पा, तयार करावे आणि त्यात एकही एक्स्टेन्शन ठेवू नये, हा माझा सर्वांत आग्रहाचा सल्ला आहे. एका प्रोफाइलमधील एक्स्टेन्शन दुसऱ्या प्रोफाइलमधील पाने वाचू शकत नाही. मात्र घरी आणि कार्यालयात एकच गूगल खाते जोडून सिंक (सर्व उपकरणांवर सारखेच बदल आपोआप होण्याची सोय) चालू ठेवू नये, नाहीतर घरच्या लॅपटॉपवर मुलांनी घेतलेले एक्स्टेन्शन कार्यालयातही येऊन बसते. राजारामपुरीतील नेट कॅफेत परीक्षेचा अर्ज भरणाऱ्या विद्यार्थ्यांनी शक्यतो शुल्क आपल्या मोबाइलवरून भरावे. गुप्त (इन्कॉग्निटो) विंडोत एक्स्टेन्शन मुळात बंद असतात, पण कॅफेचालकाने ती तिथेही चालू केलेली असू शकतात.

एखाद्या एक्स्टेन्शनचा संशय आला, तर ते काढल्यावर लगेच दुसऱ्या, स्वच्छ उपकरणावरून ई-मेल आणि बँकेचे पासवर्ड बदलावेत आणि ‘सर्व उपकरणांवरून लॉगआउट’ हा पर्याय वापरावा. हे लॉगआउट विसरू नये, कारण लॉगिनची कुकी, म्हणजे आपण आत आलो आहोत ही ब्राउझरने जपलेली खूण, चोरीला गेली असेल तर चोराला खात्यात शिरायला पासवर्ड किंवा ओटीपीची गरजच पडत नाही. पैसे गेले असतील, तर बँकेला कळवून त्याच तासात १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. रक्कम पुढच्या खात्यात वळण्यापूर्वी ती गोठवता येण्याची शक्यता तेव्हाच सर्वाधिक असते.